सत्तरीच्या रानात घर: आधी पाण्याची वाट बघा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे रानाला लागून, उताराच्या जागेत घर बांधायचंय. भिंती मातीच्या घालू का, दरीकडे पूर्ण काच लावू का, असं तुम्ही विचारलंय. भिंतींचं नंतर बघू. आधी त्या जागेवर एक पावसाळा काढा.

सत्तरीत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत स्वतः फिरून पाणी कुठून उतरतं, झर कुठे फुटते, याच्या खुणा करून ठेवा. मेमध्ये कोरडी दिसणारी घळ अडवलीत, तर पाणी दुसरी वाट काढतं आणि खालच्या कुणाच्या तरी कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत शिरतं.

जेसीबी लावून डोंगर कापू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. वर जांभ्याचा थर टणक असतो, पण त्याखालची चिकणमाती पाणी प्यायली की ढिली होते. उतार उभा कापला की ती उघडी पडते आणि दरड खाली येते. घर पायऱ्यापायऱ्यांनी बसवा किंवा खांबांवर उचला. डोंगर कापायला नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते, झाड तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली. खरेदीखताआधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-कब्जाची नोंद), झोनिंग (जागा कुठल्या वापरासाठी ठरवली आहे ते) आणि तो सर्व्हे नंबर खासगी वनात येतो का, हे तपासाच.

मातीची भिंत गोव्यात नवी नाही. पण तिला चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाचं उंच जोतं आणि तीन फूट तरी पुढे आलेली पावळी, म्हणजे छपराची कड हवी. पूर्वी पावसाच्या तोंडाला झावळ्या बांधून भिंती झाकत. दरवर्षी तेवढी निगा होणार नसेल तर सरळ चिरा वापरा. गिलावा चुन्याचा करा, भिंतीतली ओल बाहेर पडते. वर मंगळुरी कौलं.

पूर्ण काच मात्र नको. काचेत झाडं दिसतात आणि पाचू कवड्यासारखे खालून वेगाने उडणारे पक्षी तिच्यावर आदळून मरतात. त्यापेक्षा खोल ओसरी काढा, खिडक्या तिच्या सावलीत येऊ द्या. बाहेरचे दिवे मोजके, खाली तोंड केलेले. नाहीतर काजव्यांची पंचाईत होते.

सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जांभ्यात भेगा असतात, त्यांतून घाण पाणी दूरवर जातं. खालच्या वस्तीतले लोक कुठल्या झरीचं पाणी पितात, ते विचारून मगच जागा ठरवा.