वजन वाढलंय? आधी जाळून बघा

ताई, तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. "कॉइलमध्ये 200 मिलिग्रॅम सोडले, अल्कोहोलने साका पाडून वाळवल्यावर 340 भरले." गुळवेलीचं पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंची लांब साखळी), पाण्यात दोन थर पाडणारे पीईजी 1000 (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि पोटॅशियम फॉस्फेट, आणि त्या दोन थरांत माल वाटून फिरत्या कॉइलमध्ये (नळीच्या गुंडाळीत) वेगळा करणारं काउंटरकरंट मशीन: अगदी माझंच प्रकरण. के व्हॅल्यू (माल दोन थरांत किती-किती वाटला जातो, तो आकडा) काढणं, कुठला थर स्थिर ठेवायचा, हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

जास्तीचा माल म्हणजे मीठ, हेच फॉस्फेट. प्रथिनांसाठी चालते त्या नेहमीच्या मिश्रणातसुद्धा 12.5 टक्के डायपोटॅशियम फॉस्फेट असतं, म्हणजे किलोमागे 125 ग्रॅम. त्यातलं बहुतेक खालच्या थरात. आपला माल किती, तर 200 मिलिग्रॅम! त्या थरात सरळ चौपट इथेनॉल ओतलं की फॉस्फेटच बसतं. कधी पांढरी भुकटी, कधी तळाला पाकासारखा दाट थर.

मी नेमकं हेच केलं. पीईजी अल्कोहोलमध्ये विरघळून जातं हे डोक्यात पक्कं होतं, तसं फॉस्फेटही जाईल असं वाटलं. कामून वाटलं, देव जाणे. पांढरीशुभ्र पावडर पाहून गाईड खूश, मीही खूश. पाच महिने त्या मिठाला मी 'फ्रॅक्शन दोन' म्हणत होतो.

मग रेणुभार काढायला एका उपकरण केंद्रात नमुने पाठवले. नाव घेत नाही. फी आगाऊ, नऊ आठवडे वाट, फोन केला की "साहेब मीटिंगला गेलेत". शेवटी एका ओळीचा मेल: नमुना अयोग्य. का अयोग्य, त्याचा पत्ता नाही. "यात क्षार लई आहेत" एवढं कुणी तोंडी सांगितलं असतं तरी माझं एक सत्र वाचलं असतं. पुन्हा पाठवायचं तर पुन्हा फी. असो, ते जुनं झालं. खरं म्हणजे झालं नाही, पण असो.

उलगडा केला आमच्या लॅबच्या मामांनी. "सर, साखरेतलं काही असंल तर जळंल की." क्रुसिबलमध्ये चिमूटभर टाकून बर्नरवर धरलं. पॉलिसॅकराइड काळं पडतं, जळक्या साखरेचा वास येतो. माझं जवळजवळ पांढरंच राहिलं.

म्हणून आधी डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीतून मीठ पाण्यात निघून जाऊ देणं), मग अल्कोहोल. 3500 डाल्टनची पिशवी (डाल्टन म्हणजे रेणुभाराचं एकक; त्याहून लहान रेणू बाहेर जातात), डिस्टिल्ड वॉटर, दोन-तीन दिवस पाणी बदलत राहा. पिशवी अर्धीच भरा. आतलं मीठ पाणी ओढून घेतं आणि पिशवी फुगते. माझी एक रात्रीत फुटली होती. बाहेरच्या पाण्यात आम्लयुक्त अमोनियम मॉलिब्डेट टाकून पिवळेपणा (फॉस्फेटची खूण) येईनासा झाला की आटवायला घ्या. बोअरचं पाणी चुकूनही नको, आपल्याकडचं जड पाणी फॉस्फेटला लागलं की गढूळ होतंच. तुमच्या मालात 3500 च्या खालचे रेणू असतील तर ते मात्र या पिशवीतून निघून जातील. मी केमिस्ट्रीवाला आहे, तुमचा माल मी पाहिलेला नाही, तेव्हा गाईडला विचारूनच करा.

आणखी एक. गुळवेलीचं सत्त्व म्हणून बाजारात मिळतं ते बव्हंशी स्टार्चच. तुम्ही त्यापासून सुरुवात केली असेल तर आयोडीनचा थेंब टाकून पाहा. निळं झालं तर स्टार्च आहे; आधी अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम), मग मशीन.

मशीनबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. असे दाट, एकमेकांपासून सुटायला आळशी थर साध्या कॉइलमध्ये नीट टिकत नाहीत; हे तंत्र काढणाऱ्या योइचिरो इटो यांच्या गटाने क्रॉस-ॲक्सिस मशीन (कॉइलचा अक्ष मशीनच्या अक्षाला आडवा) उगाच नाही केलं. साधंच असेल तर प्रवाह अगदी हळू ठेवा. एप्रिल-मेमध्ये तर दोन्ही थर ज्या खोलीत मशीन आहे तिथेच रात्रभर ठेवून मग वेगळे करा. एसीच्या खोलीत वेगळे केलेले थर बेचाळीस अंशांत नेले की पुन्हा गढुळतात, आणि डिटेक्टरची रेघ नाचायला लागते. वीज गेली तर रन गेलाच समजा, अर्ध्यातून पुढे चालवत बसू नका.

आज संध्याकाळी चिमूटभर जाळून बघा, आणि डायलिसिसनंतर 340 पैकी किती उरले ते इथेच लिहा. माझ्या तेवढ्याच मालातले 31 उरले होते.