पाण्यावर संसार मांडायच्या आधी

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी ते परत एकटीनं वाचलं. जुनी ट्रॉलर, म्हणजे आत राहता येईल अशी संथ मोटरबोट, घ्यायची, दिवाळीच्या सुमारास नॉरफोकहून निघायचं आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल वॉटरवे या जलमार्गानं सावकाश फ्लोरिडा गाठायचं, हा तुमचा बेत मला मनापासून आवडला. काकांच्या जहाजावरच्या जुन्या दोस्ताच्या बोटीवर आम्ही दोघांनी त्या वाटेवर हिवाळे काढलेत, म्हणून हक्कानं लिहिते.

काळजी वाटली ती पाण्याची नाही. ही वाट बहुतेक किनाऱ्याच्या अलीकडून, खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे जोडत जाते. पण तुझ्या पत्रात पानोपानी 'नवरा बोट चालवणार' असं आहे, आणि तू स्वयंपाक करणार, वाचणार, पक्षी बघणार. तसं करू नका गं. एकालाच बोट येत असली की त्याला सुकाणूच्या चक्रावरून उठता येत नाही, आणि दुसरीला कशाचाच अंदाज नसल्यानं इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी पोटात गोळा येतो. ज्या निवांतपणासाठी निघालात, तो मग दोघांपैकी कुणालाच मिळत नाही. त्या वाटेवर अशी जोडपी आम्ही पाहिली. थोड्याच दिवसांत बायको म्हणते, मी विमानानं पुढं जाते, तू बोट घेऊन ये.

पैठणला आलीस की पहाटे नाथसागराच्या काठावर चल माझ्याबरोबर. नवरा-बायको एका होडीत जाळं टाकत असतात. तो मागं उभा राहून जाळं सोडतो, ती वल्ह्यावर. वारा बाजूनं आला की ती एक वल्हं पाण्यात नुसतं धरून ठेवते आणि दुसरं ओढते, म्हणजे होडी फिरत नाही आणि जाळ्याची दोरी गुंतत नाही. त्यानं काही सांगावं लागत नाही. परत येताना वल्ही त्याच्याकडं आणि मासे सोडवायला ती. मला तुमच्या दोघांकडून एवढंच हवंय.

सुरुवात नांगरापासून कर. नांगर टाकताना एकजण पुढं टोकाला असतो, दुसरा चक्रावर, मधे इंजिनाची घरघर. ओरडून काही ऐकू जात नाही, आणि बहुतेक भांडणं तिथंच पेटतात. हाताच्या खुणा आधी घरीच ठरवून घ्या: पुढं, मागं, थांब, न्यूट्रल. आणि नांगर टाकायची पाळी रोज बदला.

दोर किती सोडायचा याचा हिशोबही तुला तोंडपाठ हवा. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक ७ ते ९ फूट असतो. समज, ओहोटीला ८ फूट पाणी आहे आणि बोटीचं टोक पाण्यापासून ४ फूट उंच, म्हणजे तळापासून एकूण उंची १२ फूट. दोराला या उंचीच्या सातपट धरतात, म्हणजे ८४ फूट झाले. पण भरतीला ८ फूट पाणी चढलं की तीच उंची २० फूट होते आणि ८४ फूट दोर जेमतेम चौपट उरतो. मध्यरात्री वारा सुटला तर नांगर घसरतो. म्हणून हिशोब भरतीचा करायचा: १४० फूट. दोराऐवजी सगळी साखळी असेल तर पाचपट, १०० फूट, पुष्कळ झाली. जागा अरुंद असेल आणि एवढा दोर सोडून बोटीला गोल फिरायला वाव नसेल, तर तिथं थांबूच नका.

आता जे लिहिते ते वाचून घाबरू नकोस, पण दोनदा वाच. तो पाण्यात पडला आणि बोटीवर तू एकटी असलीस तर? त्याच्यावरची नजर हलवायची नाही. तरंगणारं जे हाताला लागेल ते त्याच्याकडं फेकायचं, जीपीएसवरचं एमओबीचं, म्हणजे माणूस पडल्याची जागा नोंदवणारं, बटण दाबायचं, बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरच्या चॅनलवर मदत मागायची, मग वळून वाऱ्याला सामोरं तोंड करून हळू जवळ यायचं. तो जवळ आला की बोटीचा पाण्यातला पंखा थांबलेलाच पाहिजे. पुढचा प्रश्न कुणी सांगत नाही: ओल्या कपड्यातला मोठा माणूस तुला वर ओढता येणार नाही. बोटीची मागची शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतःच्या हातानं खाली ओढता येते का, ते विकत घेण्याआधी बघा. येत नसेल तर शिडी बदला. उन्हाळ्यात शांत पाण्यावर एक उशी फेकून ही तालीम दोघांनीही आळीपाळीनं करा, आणि डेकवर एकट्यानं जाताना लाइफ जॅकेट अंगावर असू दे.

नॉरफोक म्हणजे मैल ०, आणि मायामी साधारण १,०९० मैल. दिवसाला ५० मैल धरलेत तर हिशोबानं तीन आठवडे होतात. तसं धरू नका, दोन महिने धरा. नॉरफोकहून निघालात की डिस्मल स्वॉम्पच्या कालव्यानं जा, तो उघडा आहे ना ते आधी बघून. १८०५ साली वाहतुकीला खुला झालेला हा कालवा गुलाम माणसांनी दलदलीत उभं राहून हातानं खोदला. तिथं जाताना ते मनात असू दे. पाणी तपकिरी, दोन्ही बाजूंनी झाडी, खोली ६ फुटांच्या आसपास. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून बोट उचलणाऱ्या दारांच्या कप्प्यात, बोट ८ फूट वर चढते तेव्हा एक दोर त्याच्या हातात, एक तुझ्या.

पुढं एलिझाबेथ सिटी लागतं आणि त्यानंतर आल्बेमार्ल साउंड ही मोठी खाडी. रुंद, उघडं आणि उथळ. आपला नाथसागर तुला ठाऊक आहेच, साडेतीनशे चौरस किलोमीटरचा पसारा, पण खोली बेताची. अशा पाण्यावर वारा सुटला की लाट आखूड आणि उभी उठते, बोट नुसती आपटत राहते. वारा पडेपर्यंत एलिझाबेथ सिटीतच थांबा. एक दिवस, चार दिवस, लागतील तितके. 'अमुक तारखेला चार्ल्स्टनला या' असं कुणाही नातेवाइकाला सांगू नका. त्या तारखेपायी माणसं नको त्या वाऱ्यात निघतात. पाहुण्यांना जागा सांगा किंवा तारीख सांगा, दोन्ही नको. खालच्या टोकाला मात्र घाईनं पोचायचं नाही, वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि अमुक तारखेआधी दक्षिणेत गेलात तर नुकसानभरपाई नाही अशी अट बऱ्याच विम्यांत असते. विम्याचे कागद तू स्वतः वाच.

खुणांचं थोडक्यात. दक्षिणेकडं जाताना वाटेवरच्या खुणांवरचा पिवळा त्रिकोण उजव्या हाताला ठेवायचा, पिवळा चौकोन डाव्या. उघडणाऱ्या पुलावरच्या माणसाशी व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनात रेडिओच्या १३ नंबरच्या चॅनलवर बोलायचं, पुढं साउथ कॅरोलायनापासून ९ वर. हे बोलणं तू कर. पहिल्यांदा जीभ अडखळते, दोन-तीन पुलांनंतर सवय होते.

टाकीतल्या पाण्याबद्दल तुला काय शिकवायचं? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा तू तिथंच होतीस. एका बादलीत अंघोळ, भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, हे तुझ्या हातात आहे. चारशे लिटरच्या टाकीवर तुम्ही दोघं निवांत दहा दिवस काढाल. नवऱ्याला मात्र नळ बंद करायला शिकवावं लागेल, तो पुण्यातला. संडासाची टाकी वेळेवर रिकामी करून घ्यायची, किनाऱ्यालगतच्या पाण्यात सोडायची नाही, कायदाही तसाच आहे. ते काम आठवड्यातून एकदा येतं, त्याचीही पाळी लावा.

रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तेल, पट्टा, समुद्राच्या पाण्याची गाळणी आणि बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं तो भाग, बघायचं असतं. एक दिवस त्यानं, एक दिवस तू. इंपेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चाक, कसा बदलतात ते काका तुला व्हिडिओवर दाखवतील. सोपं आहे, फक्त जागा अडचणीची असते आणि हात खरचटतात.

बोट ठरवली की पैसे देण्याआधी सर्व्हेअरकडून, म्हणजे बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, तपासून घ्या. बोट पाण्यातून वर काढतील त्या दिवशी दोघांनी सुट्टी टाका, आणि चाचणीसाठी बाहेर नेतील तेव्हा निदान अर्धा तास चक्र तुझ्या हातात असू दे. धक्क्याला परत लावायचा प्रयत्नही तूच कर, विकणारा माणूस शेजारी उभा असला तरी. अहवाल आला की काकांना पाठव, इंजिनाची पानं ते वाचतील. बाकीची मी वाचते.

तुझी,
मावशी
पैठण