वाचकांचे प्रश्न: कागदी एनिग्मा पहिलंच अक्षर का चुकतो?

प्रश्न: आठवीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी एनिग्मा या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गुप्तलेखन यंत्राची कागदी प्रतिकृती केली आहे, पण प्लगबोर्ड (तारांनी अक्षरांच्या जोड्या अदलाबदल करणारा फलक) नसलेली. रोटर (अक्षरं बदलणारी फिरती चाकं) डावीकडून १, २, ३, परावर्तक (अक्षर रोटरमधून परत पाठवणारी स्थिर चकती) ‘बी’ प्रकारचा, रोटरांची सुरुवातीची स्थिती ए-ए-ए. पाच वेळा ‘ए’ दिला की बी-डी-झेड-जी-ओ यायला हवं, येतं यू-बी-डी-झेड-जी. शिवाय पाईपवर बसवलेल्या रोटरच्या कागदी रिंगा अडकतात. (शिक्षिका, फोंडा)

उत्तर: मुलांनी जोडण्या बिनचूक काढल्या आहेत, त्यांना आधी शाबासकी द्या. ‘यू’ वगळला तर पुढची चारही अक्षरं बरोबर आहेत, फक्त एकेक घर उशिरा येतात. मूळ यंत्रात कळ दाबली की आधी उजवा रोटर एक घर सरके आणि मगच दिवा लागे. तुम्ही अक्षर शोधून मग रोटर सरकवता. आधी ए-ए-बी करा, मग वाट काढा.

ती वाट अशी: ‘ए’ उजव्या रोटरमधून ‘सी’ होऊन निघतो, मधल्यात ‘डी’, डाव्यात ‘एफ’. परावर्तक त्याचा ‘एस’ करतो. परतताना डाव्यात ‘एस’च राहतो, मधल्यात ‘ई’ होतो आणि उजव्यातून ‘बी’ बाहेर येतो. त्याच स्थितीत ‘बी’ दिला तर ‘ए’ मिळतो, म्हणून संदेश उलगडायलाही तेच यंत्र चाले.

पुढची अडचण बाविसाव्या अक्षराला येईल. उजवा रोटर ‘व्ही’वरून ‘डब्ल्यू’वर जाताना मधला एक घर सरकला पाहिजे. मधला ‘ई’वर आला की पुढच्याच कळीला तो पुन्हा सरकतो आणि डाव्यालाही ओढतो. ए-डी-यू पासून तपासा: ए-डी-व्ही, ए-ई-डब्ल्यू, बी-एफ-एक्स. हा क्रम जमला की मॉडेल पक्कं झालं.

रिंगांचं म्हणाल तर ७५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाईपचा घेर सुमारे २३५.६ मिलिमीटर भरतो. घर ९ मिलिमीटरचं धरलं तर २६ घरांची पट्टी २३४ मिलिमीटर होते, टोकं जुळत नाहीत आणि ताणून चिकटवली की रिंग घट्ट बसते. घर ९.१ मिलिमीटरचं करा आणि चिकटवायला एक सेंटिमीटर जास्तीचा कागद ठेवा. परावर्तकाची पट्टी मात्र पाईपला पक्की चिकटवा, ती फिरायची नाही. आपल्याकडच्या पावसात साधा कागद दमट होऊन फुगतो, तेव्हा पट्ट्या लॅमिनेट करूनच कापा.

एक आग्रहाची सूचना. पाचातले तीन रोटर आणि प्लगबोर्डच्या दहा तारा धरून १५९ वर अठरा शून्यं इतक्या मांडण्या, हा आकडा बहुतेक तक्त्यांवर असतो. त्यापेक्षा यंत्राची खोट दाखवा. परावर्तकामुळे कोणतंही अक्षर संपूर्ण यंत्रातून स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नाही. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेतभेदन केंद्रात हवामानाच्या ठरावीक मजकुरासारखा अंदाजी शब्द गुप्त अक्षरांखाली सरकवत नेत. एकाही जागी तेच अक्षर समोरासमोर आलं की ती जागा बाद. हे काम मुलं दोन कागदी पट्ट्यांवर स्वतः करू शकतील.

प्रश्न: मुरगाव बंदरातल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून वायरलेसनं बातम्या जात, असं ऐकतो. त्या कोलोसस या ब्रिटिशांच्या संकेत उलगडणाऱ्या यंत्रानं उलगडल्या का? (वाचक, वास्को)

उत्तर: नाही, तारखाच जुळत नाहीत. तटस्थ पोर्तुगीज गोव्यात आसऱ्याला आलेलं हे जहाज ब्रिटिशांच्या संशयावरून ९ मार्च १९४३ च्या रात्री हल्ल्याचं लक्ष्य झालं आणि खलाशांनीच ते बुडवलं. पहिला कोलोसस चालू झाला १९४४ च्या सुरुवातीला. शिवाय तो एनिग्मासाठी नव्हताच. एनिग्मासाठी ‘बॉम्ब’ नावाची वेगळी यंत्रं होती. कोलोसस होता बारा चाकांच्या लोरेंझ या दुसऱ्या जर्मन गुप्तलेखन यंत्राच्या टेलिप्रिंटर संदेशांसाठी.

ब्रिटिश अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी कोलोससमध्ये सुमारे १,६०० व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) वापरले. कागदी फीत सेकंदाला ५,००० अक्षरांच्या वेगानं वाचली जाई. इतके व्हॉल्व्ह एकत्र टिकणारच नाहीत, अशी अनेकांची खात्री होती. फ्लॉवर्स टपाल खात्याच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातले. व्हॉल्व्ह बहुधा चालू-बंद करताना जातात, आतली तार म्हणजे फिलामेंट तापण्या-थंडावण्याचा ताण सोसत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून यंत्र एकदा सुरू केलं की बंद करायचं नाही, असा त्यांचा नियम होता.