युद्धामुळे विस्थापित झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी मदत करायची आहे. दप्तरं-वह्या पाठवू का?

पाठवा, हरकत नाही. पण पैसे मोजकेच असतील तर मी ते आधी शिक्षकांच्या मानधनाला देईन. दप्तरवाटपाचे फोटो काढता येतात, मानधनाचे काढता येत नाहीत. देणगीदार तिकडे फारसे वळत नाहीत त्याचं हेही एक कारण असावं, असा माझा संशय आहे.

बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत 2025 मध्ये निधी आटला, तेव्हा युनिसेफच्या कार्यक्रमातल्या हजाराहून जास्त स्थानिक शिक्षकांचं काम गेलं. शिक्षण केंद्रांना काही काळ टाळं लागलं. पाठीवर दप्तर असून मुलांनी जायचं कुठे?

त्याच छावण्यांतली दुसरी अडचण दाखल्याची. 2017 मध्ये म्यानमारमधून पळून आलेल्या मुलांना बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकायची मुभा मिळाली नाही, आणि म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक तत्त्वावर यायला 2021 ची अखेर उजाडली. इतकं शिकून कुठेच चालेल असा दाखला हाती पडणार नसेल, तर मोठी मुलं वर्गात टिकत नाहीत. मुलगे कामाला लागतात, मुलींची लग्नं उरकली जातात. म्हणून कोणत्याही संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: इथे शिकलेलं मूल पुढे कुठल्या शाळेत बसू शकेल?

वयाचाही विचार करा. सिएरा लिओनमधलं यादवी युद्ध 2002 मध्ये संपलं, तेव्हा शाळेची कित्येक वर्षं बुडालेली मुलं परत आली. चौदा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं तर तो लाजेनंच पळेल. तिथे प्राथमिकचा सहा वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत बसवून वेगळे वर्ग चालवले गेले. असे जलद वर्ग घेणारी संस्था सापडली तर मी दुसरीकडे बघणारही नाही.

निर्वासित जिथे येऊन राहतात तिथल्या स्थानिक मुलांना मात्र वगळू नका. युगांडात निर्वासित मुलं स्थानिक मुलांबरोबर एकाच शाळेत जातात. तिथे फक्त एका गटाला वह्या दिल्या तर कुरबुरी होणारच. त्यापेक्षा शाळेला एक खोली किंवा शौचालय बांधून द्या, ते सगळ्यांचंच होतं.

आणि भेटायला गेलात तर मुलांना युद्धाच्या आठवणी विचारू नका. अहवालासाठी तर नकोच.

रक्कम कमी असली तरी चालेल, पण निदान दोन-तीन वर्षं दरमहा देता येईल एवढीच ठरवा. शिक्षकाला पुढच्या महिन्याचं मानधन येणार हे माहीत असावं लागतं.