ओएसपीएफ काढून आयएस-आयएस आणायचंय, चालू नेटवर्क बंद न पाडता एका शनिवारी रात्रीत होईल का?

नाही होणार. मॅनेजर कितीही म्हणू देत, ऐकू नका. ओएसपीएफ आणि आयएस-आयएस हे दोन्ही राउटरना आपसात रस्ते कळवणारे प्रोटोकॉल, आणि एक काढून दुसरा आणणं म्हणजे चालू वाहतुकीचे रस्ते बदलणं.

लोअर परळच्या एका ब्रोकिंग कंपनीत मी हेच काम केलंय. बाजार सोमवारी सकाळी ९:१५ ला उघडतो, मधे अख्खा रविवार हाताशी आहे, तर शनिवारी मध्यरात्री जुनं बंद करून नवं चालू करा, असं आमच्या तेव्हाच्या मॅनेजरांचं म्हणणं. मी सरळ नकार दिला. सिस्कोच्या राउटरवर ओएसपीएफचं डिस्टन्स ११० आणि आयएस-आयएसचं ११५ असतं; एकच मार्ग दोघांनी सांगितला, तर ज्याचा आकडा कमी त्याचं राउटर ऐकतो. दोन्ही एकत्र चालवले तरी ट्रॅफिक ओएसपीएफच्याच मार्गाने जातो आणि आयएस-आयएस मागे गुपचूप आपला डेटाबेस भरत राहतो. एवढी सोय असताना एका रात्रीवर जुगार कशाला खेळायचा?

दोन्ही समांतर ठेवून आम्ही एकेका राउटरचे मार्ग ताडून पाहिले. ऐरोलीच्या डेटा सेंटरमधल्या एका राउटरचा लूपबॅक, म्हणजे त्याचा स्वतःचा कायमचा पत्ता, आयएस-आयएसमध्ये आलाच नव्हता. नेबर (जोडलेले शेजारी राउटर) सगळे अप होते, फक्त तो पत्ता जाहीर करणारी पॅसिव्ह इंटरफेसची एक ओळ राहून गेली होती. बीजीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने शिकलेल्या रूटचा नेक्स्ट हॉप, म्हणजे पॅकेट पुढे ज्या पत्त्याकडे पाठवायचं तो, तोच लूपबॅक! त्या शनिवारी ओएसपीएफ काढलं असतं, तर त्या राउटरमागचे सगळे रूट बाद झाले असते आणि नेबरची यादी मात्र ठणठणीत दिसली असती.

दुसरी गोष्ट मेट्रिकची, म्हणजे प्रत्येक दुव्याला दिलेल्या किमतीची; कमी किमतीचा मार्ग निवडला जातो. ओएसपीएफ बँडविड्थवरून कॉस्ट काढतं, तर सिस्कोचं आयएस-आयएस प्रत्येक इंटरफेसला सरसकट १० देतं. मग एक राउटर नव्या मार्गावर आणि शेजारचा जुन्यावर असला की पॅकेट दोघांमध्ये टीटीएल (पॅकेटला घालून दिलेली उड्यांची मर्यादा) संपेपर्यंत टोलवलं जातं. म्हणून आधी मार्ग तंतोतंत जुळवा. आयएस-आयएसच्या जुन्या नॅरो मेट्रिकमध्ये एका इंटरफेसला ६३ च्या वर आकडा जात नाही, तेव्हा मोठे आकडे घेणारं वाइड मेट्रिक घ्या.

त्यानंतर एकेका राउटरवर ओएसपीएफचं डिस्टन्स ११५ च्या वर न्यायचं, म्हणजे तो आयएस-आयएसचं ऐकू लागतो. शक्य असेल तिथे त्याआधी मॅक्स-मेट्रिक (त्या राउटरमधून जाण्याची सर्वांत जास्त किंमत) लावून ट्रॅफिक दुसरीकडे वळवायचा. मेगाब्लॉकला रेल्वे आधी गाड्या दुसऱ्या मार्गावर घेते आणि मगच रुळाला हात लावते, तसंच. ओएसपीएफ लगेच पुसू नका, परतीची वाट तीच आहे. राउटरच्या कन्सोलला, म्हणजे थेट ताबा घ्यायच्या पोर्टला, जायचा रस्ताही याच नेटवर्कमधून नको. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचा बॅकबोन एका कमांडने पडला, तेव्हा दुरुस्तीची त्यांची स्वतःची साधनंही त्याच नेटवर्कवर अडकून पडली होती.

आमच्याकडे एकही तक्रार आली नाही. अप्रेझलला मॅनेजरांनी विचारलं, "काहीच झालं नाही, मग एवढे आठवडे कशात घालवले?" तो लूपबॅक त्यांना मेलवर कळवलेला होता. काही झालं नाही ते त्या आठवड्यांमुळेच, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगेन.

हो, हे आकडे सिस्कोचे. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर डिस्टन्सऐवजी प्रेफरन्स असतो: ओएसपीएफचा १० आणि आयएस-आयएसचा १५ किंवा १८, इथवर ठीक. पण बाहेरून आलेल्या ओएसपीएफ रूटचा १५० असतो, म्हणजे तेच रूट आयएस-आयएसमध्ये १५ किंवा १८ प्रेफरन्सने आले की ट्रॅफिक तिथल्या तिथे नव्या मार्गावर उडी मारेल. ते आधी तपासा. आणि समांतर चालवायचे आठवडे चेंज रिक्वेस्टमध्ये लिहून, मॅनेजरांची सही घेऊनच कामाला लागा.