बालवाडीतल्या ताई मुलांना वर्गाबाहेर न्यायला का कचरतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेतीन वर्षांची आहे, बालवाडीच्या मागे मोकळी जागा आणि झाडंही आहेत, तरी मुलं सगळा वेळ वर्गातच असतात. ताईंना याची आवडच नसते का, असा तुमचा प्रश्न आहे.

बालवाडीत शिकवण्यात आणि पुढे नव्या ताईंच्या प्रशिक्षणात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगते: आवड असते. मुलांनी मातीत खेळायला हवं, हे जवळजवळ प्रत्येक ताई मनापासून म्हणते. पण बाहेर मुलाचा गुडघा फुटला तर जाब एकट्या ताईला द्यावा लागतो. मूल वर्षभर आत बसून कंटाळलं तर जाब कुणीच विचारत नाही. मग ती दार बंद ठेवते, यात नवल काय?

आणि ही भीती खोटी नाही. पंचवीस-तीस मुलं, एक ताई आणि एक मावशी. मावशी एकाला शूला घेऊन गेल्या की बाकी सगळ्यांवर एकच नजर. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर चिखल लागलेल्या फ्रॉकचा फोटो येतो, खाली ‘फी यासाठी भरतो का?’ उत्साहाने सुरुवात केलेल्या ताईने अशा एका मेसेजनंतर मुलांना पुन्हा बाहेर काढलं नाही, हे मी एकाहून जास्त शाळांत पाहिलंय.

दुसरं कारण जास्त खोल आहे. आत ते शिकणं आणि बाहेर ती सुटी, असं आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय. भरलेली वही घरी दाखवता येते. निंबोळ्यांचे लहान-मोठे ढीग लावताना मुलाने केलेली तुलना, मुंग्यांची रांग कुठवर जाते ते बघताना विचारलेले प्रश्न, हे वहीत उतरत नाही. म्हणून ताईलाही वाटतं, आज काही शिकवलंच नाही.

हे सगळं डेन्मार्क-नॉर्वेच्या जंगलातल्या बालवाड्यांचं फॅड आहे, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. ते ऐकून वाईट वाटतं, कारण आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञ होऊन गेल्या. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरची आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची महाग साधनं परवडणारी नव्हती, तर बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हीच साधनं झाली. तिथल्या शिक्षिकेला बाहेर जाणं हे जादा काम वाटण्याचा प्रश्नच नव्हता, शाळाच बाहेर होती. आजची ताई मात्र आधी वर्गातलं सगळं उरकते आणि वेळ उरला तरच बाहेर बघते.

ताईंचा कल भाषणाने बदलत नाही. प्रशिक्षणात मी त्यांनाच एका झाडाखाली नुसतं बसवते. थोड्या वेळाने एखादी साल खरवडून बघते, एखादी कोळ्याचं जाळं दाखवायला दुसरीला हाक मारते. त्यानंतरच ‘मुलांना इथे काय दाखवायचं?’ हा प्रश्न मागे पडतो. मग त्यांना एवढंच सांगते की सहल नको, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तीच जागा, तेच झाड. पहिल्या खेपेला मुलं सैरावैरा पळणारच, कारण ही संधी पुन्हा मिळेल याचा त्यांना भरवसा नसतो. नेम कळला की ती उकिडवी बसून बघायला लागतात. पहिल्याच दिवशी हात टेकलेली ताई हे कधी पाहतच नाही, याची मला फार खंत वाटते.

मुख्याध्यापकांशी बोलताना एक अभ्यास उपयोगी पडेल. चीनमधल्या ग्वांगझोऊत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा दृष्टिदोष आला, नेहमीसारख्या शाळांत सुमारे ४० टक्क्यांना. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलं बालवाडीपेक्षा थोडी मोठी होती, पण पालकांना डोळ्यांची भाषा लगेच कळते.

तुम्ही मात्र तक्रारीने सुरुवात करू नका. ताईंना विचारा, ‘बाहेर न्यायला नेमकं काय अडतं?’ कपडे मळले, किरकोळ खरचटलं तर आमची हरकत नाही, असं चार-पाच पालकांनी मिळून शाळेला लेखी द्या. दप्तरात कपड्यांचा एक जास्तीचा जोड ठेवा. ठरलेल्या दिवशी एक पालक आळीपाळीने मदतीला उभा राहिला तर उत्तमच, फक्त त्याने मुलांना ‘पडशील, उतर’ म्हणत राहू नये. आवार आधी ताईंसोबत फिरून बघा: काच, उघडी टाकी, विषारी कण्हेर किंवा गुंजेचा वेल, अंगाला खाज आणणारी खाजकुइली तिथे नाही ना. मार्चनंतर सकाळचा पहिला तासच बाहेरचा ठेवायला सांगा, नंतरचं ऊन लहानग्यांना सोसत नाही.