थायरॉईडची गोळी चालू आहे, विम्याच्या फॉर्ममध्ये लिहू की नको?

प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरच्या ताई, वय 34, पाच वर्षांपासून थायरॉईडची 75 ची गोळी रोज चालू. गेल्या महिन्यात रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईड आटोक्यात आहे का दाखवणारा आकडा) 6.8 आला. घरासाठी मेडिक्लेम आणि स्वतःसाठी टर्म प्लॅन (मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा विमा) घ्यायचा आहे. एजंट म्हणतो, "काही व्हत नही, थायरॉईड लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल."

ताई, लिहा. एजंटचं "काही व्हत नही" पॉलिसी निघेपर्यंत खरं असतं. क्लेमच्या दिवशी तो समोर नसतो, फॉर्म असतो आणि त्याच्यावर सही तुमची असते.

फॉर्म भरायची मात्र घाई करू नका. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर टीएसएचची मर्यादा साधारण 0.4 ते 4 अशी छापलेली असते. 6.8 म्हणजे फार बिघडलेलं नाही, पण गोळी चालू असून आकडा वर आहे. कंपनीत अर्ज तपासणारा माणूस यातून "आजार आटोक्यात नाही" एवढंच वाचतो आणि एक तर लोडिंग (वाढीव प्रीमियम) लावतो, नाही तर "तीन महिन्यांनी या" म्हणतो. आधी तुमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. डोस बदलला तर 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण टीएसएच स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग दोन्ही रिपोर्ट लावा. उतरता आकडा दाखवणारे दोन कागद एका चांगल्या रिपोर्टपेक्षा जास्त वजनदार ठरतात.

पुष्कळदा डोस बरोबर असतो, घ्यायची पद्धत चुकते. गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये 4 तास जाऊ द्या, नाही तर थायरॉईडची गोळी अंगाला लागत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. आकडा खाली यावा म्हणून स्वतःच्या मनाने दीड गोळी घेऊ नका. टीएसएच फारच खाली गेला, धडधड सुरू झाली, की अर्जाला दुसरंच वळण लागतं.

टर्म प्लॅनमध्ये आटोक्यातला हायपोथायरॉईड (ग्रंथी कमी काम करते तो, तुमचा आहे तसा) बहुतेक कंपन्या नेहमीच्या दरात घेतात. लोडिंग लागतं ते सोबतच्या गोष्टींमुळे. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 78 किलो असेल तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 31 च्या वर जातो. त्यात कोलेस्टेरॉल वाढलेलं असलं की प्रीमियम वाढतो, आणि घरी सगळे थायरॉईडला दोष देतात.

थायरॉईड ग्रंथी जास्त काम करत असेल, म्हणजे हायपर असेल तर गोष्ट वेगळी. त्यावरची निओमर्काझोल गोळी चालू असेपर्यंत बऱ्याच कंपन्या अर्ज पुढे ढकलतात, ईसीजी मागतात, डोळ्यांचा त्रास आहे का विचारतात. गळ्यात गाठ असेल तर सोनोग्राफीसोबत एफएनएसीचा, म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट लागतो. त्यात बेथेस्डा (गाठीचा प्रकार सांगणारी श्रेणी) 2 असेल तर गाठ साधी, अर्ज पुढे सरकतो. 3 किंवा 4 असेल तर पक्कं निदान होईपर्यंत फाईल सहसा थांबते. क्रिटिकल इलनेस रायडर (गंभीर आजार झाल्यास रक्कम देणारी जोड-पॉलिसी) विकताना न सांगितली जाणारी एक अटही इथेच वाचून घ्या: टी1 एन0 एम0 टप्प्यातला थायरॉईडचा कॅन्सर, म्हणजे ग्रंथीतच असलेली, 2 सेंटिमीटरपर्यंतची, कुठे न पसरलेली गाठ, त्यात धरली जात नाही.

आता मेडिक्लेम. तुमचा थायरॉईड आधीपासूनचा आजार म्हणून नोंदला जाईल. 2024 च्या नियमांनुसार त्यासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त 36 महिने. थांबावं लागतं ते त्या आजाराशी संबंधित भरतीसाठी. डेंग्यू झाला तर पहिले 30 दिवस सोडून क्लेम मिळतो, अपघाताला तेवढंही थांबावं लागत नाही. साध्या गाठींच्या ऑपरेशनला बहुतेक पॉलिसींत वेगळा प्रतीक्षा काळ असतो, तो बघा. रोजची गोळी आणि टीएसएचचा खर्च ओपीडी कव्हर नसेल तर खिशातूनच. पुढे विम्याची रक्कम वाढवली, तर वाढलेल्या भागाचा प्रतीक्षा काळ पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

एजंट कदाचित म्हणेल, पाच वर्षांनी कंपनी काही विचारू शकत नाही. मेडिक्लेमला असा 60 महिन्यांचा नियम आहे खरा, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे. आणि त्या पाच वर्षांच्या आतच दवाखाना लागला तर?

पकडलं कसं जातं, तेही सांगते. भरती करताना डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, "आधीचा काही आजार?" घाबरलेला माणूस म्हणतो, "थायरॉईड आहे, झाली असतील आठ-दहा वर्षं." ते केसपेपरवर चढतं, तिथून डिस्चार्ज कार्डवर, तिथून कंपनीकडे. तुम्ही पाच वर्षं लिहिलेली असतील तरी आता खुलासे द्यावे लागतात. म्हणून निदानाचा पहिला रिपोर्ट जपून ठेवा आणि तो महिना घरच्यांना पाठ करून द्या.

हल्ली फॉर्म एजंटच्या मोबाईलवर भरला जातो. सगळ्या आजारांपुढे भराभर "नाही" टिकतं आणि तुमच्याकडून फक्त ओटीपी मागतात. ओटीपी देण्याआधी भरलेला फॉर्म मागून वाचा. नोंद अशी हवी: "हायपोथायरॉईडिझम, निदान अमुक महिना व वर्ष, लिव्होथायरॉक्सिन 75 मायक्रोग्रॅम रोज, शेवटचा टीएसएच इतका, तारीख अमुक, गाठ नाही, ऑपरेशन नाही." नुसतं "थायरॉईड" लिहू नका, हायपो की हायपर हे न कळल्यामुळे अर्ज उगाच अडकतो. पॉलिसी हातात आल्यावर सोबतची फॉर्मची प्रत पुन्हा तपासा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. पटलं नाही तर 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते.

खानदेशातल्या माणसाने आणखी एक कलम बघावं, ते म्हणजे झोन. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पत्त्यावर काही कंपन्यांचा प्रीमियम कमी असतो, पण मोठ्या ऑपरेशनला आपण मुंबई-पुणे नाही तर सुरत गाठतो. वरच्या झोनमध्ये, म्हणजे अशा महागड्या शहरात, उपचार घेतला तर अशा पॉलिसीत बिलाचा ठरावीक टक्के हिस्सा आपल्याला भरावा लागतो. थोडा जास्त प्रीमियम देऊन ती अट काढता येते का, ते विचारा.

तुमच्या किंवा घरच्यांच्या आधीच्या एखाद्या पॉलिसीत थायरॉईड लिहायचा राहिला असेल, तर क्लेम यायच्या आधी आत्ताच कंपनीला ईमेल करा, सोबत पहिला रिपोर्ट जोडा आणि पोच जपून ठेवा. कंपनी कदाचित लोडिंग लावेल किंवा प्रतीक्षा काळ घालेल, तो मान्य करावा. क्लेम अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे तक्रार करा. आपल्या भागाचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही.